कोऱ्या तारखेच्या कागदावर सही करू का?

*दादा, मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका बियाण्याच्या कारखान्यात नऊ वर्षांपासून पॅकिंगले आहे. कायम अन् ठेकेदाराचे मिळून आम्ही दोनशेच्या वर आहो. आमच्या तक्रार समितीतल्या दोघांले, पॅकिंगच्या मोठ्या ताईले अन् ड्रायरवरच्या भाऊले, मालकानं काढून टाकलं. औषध लावलेलं बियाणं भरताना मास्क अन् हातमोजे द्या म्हणून त्यायनं अर्ज देल्ला होता, त्यावर आम्हा दीडशे जणांच्या सह्या होत्या. महिनाभरात चार्जशीट, आठ दिवसांत चौकशी, अन् गेटवर नोटीस. आता एचआरवाले एकेकीले बोलावून कागदावर सही मागून रायले. त्यात लिवलं आहे का या दोघांनी धमकावून आमच्या सह्या घेतल्या. नाव टाइप केलेलं, तारीख कोरी. सात-आठ जणींनी करून टाकली. माझा नंबर सोमवारी. आमच्या तीन एकरात याच कंपनीचा सोयाबीनचा प्लॉट आहे, साहेब म्हणे, "मग प्लॉटचं पण पाहावं लागेल." आमची युनियन आहे, पण मालक तिले मानत नाही. पोरं म्हणतात गेट बंद करू. घरचे म्हणतात तू कायले पडतं त्यात. मोठ्या ताईच्या पोरीचा साखरपुडा आहे, तिथंही जाऊ नका असं सांगतलं. काय करू जी? नाव छापू नका.*

ताई,

सोमवार तोंडावर आला आहे, म्हणून आधी सोमवारचं. त्या कागदावर सही करू नका.

पत्रात एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात आणि माझी नजर तिथेच अडकली: नाव टाइप केलेलं, तारीख कोरी. ज्या ऑफिसात अर्ध्या तासाच्या गेटपासवरही तारीख-वेळ पडते, तिथे नेमकी याच कागदावरची तारीख राहून जात नसते. क्रम पाहा. आधी आरोपपत्र, मग चौकशी, मग बडतर्फी, आणि आता साक्षीपुरावा. धमकीचा आरोप चौकशीत खरोखर सिद्ध झाला असेल, तर माणसं काढून झाल्यावर तो तुमच्याकडून पुन्हा लिहून घ्यायचं कारण काय? मला तरी एकच कारण दिसतं. चौकशीच्या फाइलीत सांगण्यासारखे साक्षीदार नाहीत आणि हे कारखान्याच्या वकिलाच्या लक्षात आलं आहे. त्या कोऱ्या जागी उद्या चौकशीच्या आधीची एखादी तारीख पडली की तुम्ही घरबसल्या साक्षीदार झालात.

आणि मास्कच्या अर्जावर तुमचीही सही आहे ना? मग हा नवा कागद म्हणतो की ती सही तुम्ही घाबरून केली होती, म्हणजे मास्क तुम्हाला नकोच होता. उद्या प्रकरण अकोल्याच्या कामगार न्यायालयात गेलं तर कागद तिथे जाईल आणि त्याच्या मागोमाग तुम्हालाही बोलावणं येईल. समोरचा वकील विचारेल: धमकी कोणत्या दिवशी दिली, कुठे, कोण कोण होतं, तुम्ही तेव्हा तक्रार का केली नाही? साहेब त्या पिंजऱ्यात तुमच्या शेजारी उभे राहणार नाहीत. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे, तोही तुमच्याच नावावर.

नकार कसा द्यायचा? भांडून नाही. "साहेब, कागदाची नक्कल द्या, घरी वाचून पाहीन," इथून सुरुवात करा. नक्कल दिली तर उत्तमच, ती जपून ठेवा. नाही दिली आणि जोर केला तर एकच वाक्य: "मले कोणी धमकी देल्ली नाही, म्हणून यावर सही नाही करत." यापुढे स्पष्टीकरण नको, त्या दोघांची वकिली नको, मालकाला दूषणं नकोत. जितकं जास्त बोलाल तितकं तुमच्या तोंडी घालायला सोपं जाईल. केबिनमध्ये जाताना पॅकिंगमधली एखादी सोबत घ्या. तिला दाराबाहेर थांबवलं तर थांबवलं, पण ती तिथे होती हे महत्त्वाचं. आणि त्याच संध्याकाळी पोरांच्या वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, प्लॉटबद्दल नेमके कोणते शब्द वापरले. कामगार न्यायालयात वर्षानं साक्ष होते, तेव्हा आठवणीपेक्षा अशी वही जास्त कामी येते.

सात-आठ जणींनी सही केली, त्यांच्याबद्दल पोरांच्या ग्रुपवर काय चाललं असेल याचा मला अंदाज आहे. 'फितूर' हा शब्द एव्हाना पडलाच असेल. तो मागे घ्यायला लावा. त्या बाया घाबरल्या, वाचायला वेळ दिला नाही, काहींचे नवरे त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे असतील. त्यांनी आता एक साधा अर्ज लिहावा: अमुक दिवशी अमुक साहेबांनी बोलावून, वाचून न दाखवता, तारीख नसलेल्या कागदावर सही घेतली; त्यातला मजकूर आम्हाला मान्य नाही. एक प्रत कारखान्याला, एक अकोल्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयाला, स्पीड पोस्टानं, आणि पावती जपून ठेवायची. आठातल्या तिघींनी जरी असं लिहिलं तरी उरलेल्या पाच कागदांचं वजन उतरतं. पण ज्यांना तुम्ही हळदी-कुंकवातून वगळलं, त्या तुमच्यासाठी असा अर्ज लिहिणार नाहीत, हे पोरांना समजावून सांगा.

साखरपुड्याचं विचारलंत. जा. कोणाच्या दारी जायचं हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही एचआरला नाही. एकटीनं जायची भीती वाटत असेल तर आख्खी पॅकिंग लाईन मिळून जा.

आता त्या दोघांचं. त्यांना माझ्याकडून एक प्रश्न विचारा: ज्या दिवशी बडतर्फी झाली, त्या दिवशी कामगार आयुक्त कार्यालयात कारखान्याविरुद्ध काही वाद, काही समेटाची बोलणी चालू होती का? मास्कचा अर्ज नुसता कारखान्याला दिला होता की तिथेही दाखल केला होता? यावर बरंच अवलंबून आहे. असा वाद चालू असताना मालकाला त्या वादाशी संबंधित कामगाराला परस्पर काढता येत नाही. त्यातही युनियनचे जे पदाधिकारी 'संरक्षित कामगार' म्हणून ठरलेले असतात, त्यांना तर आधी परवानगी घेतल्याशिवाय हातही लावता येत नाही. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त शंभर, एवढे संरक्षित कामगार असू शकतात. तुमच्याकडे म्हणजे पाच. पण युनियननं त्यांची नावं मालकाला लेखी कळवलेली हवीत. गावाकडच्या युनियन इथेच कमी पडतात: वर्गणीची पावती फाडतात, मोर्चात झेंडा असतो, आणि हे एक पत्र कोणी टाकत नाही. या वेळी टाकलं नसेल तर उरलेल्या पदाधिकाऱ्यांची नावं तरी याच आठवड्यात कळवा.

महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा १९७१ चा कायदा आहे. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे 'पल्प' म्हणतात. सूडबुद्धीनं काढणं, खोटं कारण दाखवून काढणं, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईघाईत चौकशी उरकणं, किरकोळ चुकीला अवाच्या सवा शिक्षा देणं, हे सगळं त्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. तुमची आठ दिवसांची चौकशी त्यात कुठे बसते हे वेगळं सांगायला नको. मालक युनियनला मानत नाही म्हणालात. त्याच कायद्याप्रमाणे मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या बडतर्फीबद्दल मालकाशी चर्चा करण्याचा आणि खात्याच्या चौकशीत त्याच्या बाजूनं उभं राहण्याचा हक्क आहे. चौकशीत युनियनचा माणूस बसू दिला होता का? नसेल तर ते तक्रारीत पहिल्या पानावर यायला हवं.

या कायद्याखाली तक्रार करायची मुदत ९० दिवस. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, जुना १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात विलीन झाला. संहितेत बडतर्फ कामगाराला समेटासाठी अर्ज दिल्यावर ४५ दिवसांनी थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि त्याला दोन वर्षांची मुदत आहे. त्यामुळे कोणीतरी शहाणा सांगेल की घाई कशाला. ऐकू नका. ९० दिवसच धरा, आणि त्यातले किती गेले ते आज मोजा. अर्ज कोणत्या कलमाखाली टाकायचा ते वकील ठरवेल.

वकिलाला पैसे कुठून, हा पुढचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क कोणाला आहे याची यादी आहे. तिच्यात औद्योगिक कामगार आहेत, स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, आणि या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. मोठ्या ताई तर दोन कारणांनी पात्र आहेत. बडतर्फीची नोटीस, नेमणुकीचा काही कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचं पासबुक घेऊन जायचं.

एका गोष्टीपासून मात्र दोघांना जपा: 'हिशोब'. थोड्या दिवसांनी निरोप येईल की झालं गेलं विसरा, फुल अँड फायनल घेऊन जा, वर पन्नास हजार देतो. त्या पावतीवर बहुतेक वेळा 'स्वेच्छेने राजीनामा' असं काहीतरी बारीक अक्षरात असतं. घ्यायचाच असेल तर वकिलाला दाखवून, 'हक्क राखून' असं स्वतःच्या हातानं लिहून. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं आहे की बडतर्फी बेकायदा ठरली तर मागच्या पूर्ण पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. पण त्यासाठी कामगारानं आपण मधल्या काळात बेरोजगार होतो हे आधी मांडावं लागतं. दोघांनी या काळात कापूस वेचायला जायचं की नाही? जायचं, पोट थांबत नाही. विचारलं तर खरं सांगायचं. रोजमजुरी केली म्हणून कामावर परत जाण्याचा हक्क बुडत नाही, फार तर मागच्या पगाराच्या रकमेवर वाद होईल.

मला जास्त काळजी वाटते ती समितीतल्या रिकाम्या झालेल्या दोन जागांची. तुम्ही पत्रात तिच्याबद्दल एकच शब्द लिहिलात, पण सगळं मूळ तिथेच आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. मालकाचे जितके तितकेच कामगारांचे सदस्य, एकूण दहापर्यंत, आणि बायकांचं प्रमाण कारखान्यात जितकं तितकं तरी समितीत हवं. अध्यक्षपद एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष तुमच्याकडे. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, कामगार सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी होकार दिल्याशिवाय समितीचा निर्णय हा निर्णयच धरला जात नाही. म्हणजे तुमच्या बाजूचे सदस्य एकत्र राहिले तर मालकाला नुसत्या बहुमतानं काही रेटता येत नाही. बोलणारी माणसं उचलून तिथे हो-ला-हो म्हणणारी दोन माणसं बसवली, की हाच हक्क उलटा फिरतो आणि मास्क लागत नाही असा ठराव कामगारांच्या संमतीनं पास होतो. कारखाना 'तात्पुरते सदस्य' म्हणून कोणाची नावं लावतोय का, बोर्डावर लक्ष ठेवा. कामगारांचा प्रतिनिधी कामगार ठरवतात. युनियननं सगळ्यांची सभा घेऊन दोन नावं ठरवावीत आणि लेखी कळवावीत, आणि सोबत हेही लिहावं की दोघांचा वाद मिटेपर्यंतच ही नावं आहेत.

या जागी तुम्ही उभं राहावं असं मी सांगणार नाही, तीन एकर आणि एक पगार यांचा हिशोब तुम्हालाच माहीत. पण पॅकिंगमधून बाई हवीच, आणि कोणी एकटी पुढे यायला तयार नसेल तर चार-चार महिन्यांनी पाळी लावून घ्या. एकच चेहरा सतत समोर असला की त्याला काढणं सोपं जातं.

जर्मनीत पाच कायम कामगार असले तरी त्यांना आपलं कामगार मंडळ निवडता येतं. त्या मंडळाच्या सदस्याला काढायचं असेल तर मालकाला आधी मंडळाचीच संमती मागावी लागते, आणि मंडळ नाही म्हणालं तर त्यानं कोर्टात जाऊन कारण पटवून द्यायचं. म्हणजे कोर्टाची पायरी आधी मालक चढतो, आणि तोवर कामगार कामावर राहतो. आपल्याकडे माणूस आधी गेटाबाहेर जातो आणि वर्षानुवर्षं तोच तारखा घेत फिरतो. आपल्या संविधानातही १९७६ मध्ये कलम ४३ अ घालून कारखान्याच्या कारभारात कामगारांच्या सहभागाचं आश्वासन दिलेलं आहे. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे सरकारला आठवण करून द्यायची, कोर्टात मागायची नाही. असो.

पोरांचं गेट बंद करण्याचं. त्यांचा राग खोटा नाही, पण नव्या संहितेप्रमाणे संपाची नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्मे किंवा जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले तरी तो संपच धरतात. दहा किंवा जास्त जण बिननोटीस एकत्र गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची तरतूद वेगळी. उद्या गेट बंद झालं की दोघांचा प्रश्न बाजूला पडेल, चाळीस जणांचा नवा प्रश्न उभा राहील, आणि मालक आयुक्तांसमोर सांगेल, बघा, मी म्हणत होतो ना की हे दोघे चिथावतात. मी संपाच्या विरोधात नाही. संप बेकायदा ठरवायला निघालेल्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतः बाबासाहेब पुढे होते. हत्यार आपलंच आहे. पण ते तयारी झाल्यावर काढायचं असतं. तोवर पाळी सुटल्यावर गेटाबाहेर सभा घ्या, काळ्या फिती लावून काम करा, आणि दोघांना परत घ्या असं पत्र द्या. पत्राखाली सह्या यादीनं नको, गोलात करा, म्हणजे पहिली सही कोणाची हे साहेबांना शोधता येणार नाही.

पैशांचंही ठरवा. दोन घरांचा पगार थांबला आहे. दीडशे सह्यांपैकी शंभर जणांनी पगाराच्या दिवशी शंभर-शंभर रुपये काढले तर दोन घरांना पाच-पाच हजार जातात. वही ठेवा, दोन बाया आणि एक पुरुष हिशोबाला, दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. कोर्टात माणूस हरतो त्याआधी बऱ्याचदा किराणा दुकानात हरतो, आणि हिशोब घेतो. जे सही करायला घाबरतात, ते शंभर रुपये देतील; त्यांना ती वाट मोकळी ठेवा.

प्लॉटच्या धमकीनं तुम्ही दबला आहात, ते मला पत्रातूनही कळलं. घरच्यांना म्हणा, बीजोत्पादनाचा करार काढा आणि वाचा. प्रमाणित बियाण्याचा प्लॉट असेल तर त्याची नोंदणी आणि शेतावरची तपासणी अकोल्याची महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते. तो पास की नापास हे पॅकिंगच्या साहेबांच्या हातात नाही. माल उचलायचा की नाही, कोणत्या भावानं, हे करारात असतं, आणि करार तुमच्या घरधन्यांच्या नावावर आहे, तुमच्या नोकरीवर नाही. तपासणीच्या पावत्या, पेरणीच्या थैलीची टॅगं जपा. हंगामात अचानक 'भेसळ' सापडली, तर साहेबांचं ते वाक्य तारखेसह वहीत लिहिलेलं असलं की फार उपयोग होईल.

आणि मास्कचं काय झालं? इतक्या लांब पत्रात त्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. दोन माणसं काढली आणि सगळे त्यांच्याबद्दल बोलताहेत, लाईनवर मात्र औषध लावलेलं बियाणं आजही उघड्या हातानं भरलं जातंय. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणी करताना माणसं गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं की ही औषधं काय करतात. बडतर्फीची केस कोर्टात चालेल तशी चालेल, हा अर्ज वेगळा करा: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, युनियनच्या नावानं. त्यात 'आम्हाला त्रास होतो' एवढंच लिहून भागणार नाही. औषधाच्या डब्यावरचं नाव आणि त्यावर छापलेली सूचना जशीच्या तशी उतरवून घ्या, एका पाळीत किती थैल्या भरता, पंखा कुठल्या बाजूला आहे, हातावर पुरळ किती जणींना आलं, कोण सरकारी दवाखान्यात गेलं आणि चिठ्ठी आहे का, हे लिहा. पहिल्या अर्जाची प्रत मोठ्या ताईंकडे असेल. ती सोबत जोडा.